‘केव्ह स्टोरी’ : एका गुहेचे वाचन

मराठीत व्हिडिओ गेमविषयी जे लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक, मुलांच्या डोळ्यांची आणि अभ्यासाची काळजी वाहणारे. दुसरे, नव्या यंत्राची किंमत आणि वेग सांगणारे. कादंबरी मिटल्यावर किंवा नाटकाचा पडदा पडल्यावर आपण जे प्रश्न स्वाभाविकपणे विचारतो, म्हणजे रचना कशी आहे, ती काय सांगू पाहते, ते तिला पेलते काय आणि पेलत नसल्यास ती नेमकी कोठे अडखळते, ते प्रश्न खेळांच्या वाट्याला फारसे येत नाहीत. आम्ही दोघे मराठी शिकवतो. संगणकशास्त्रात आमची गती नाही आणि कळफलकावर बोटे चालवण्यात तर त्याहूनही नाही. तरीही ‘केव्ह स्टोरी’ या खेळाविषयी लिहावेसे वाटले, कारण कथनाविषयी वर्गात बोलताना त्याचा दाखला आम्हांला वारंवार द्यावासा वाटला आहे. आणि त्याच खेळातल्या एका जागेविषयी आमची तक्रारही तितकीच जुनी आहे.

दाइसुके अमाया या जपानी निर्मात्याने ‘पिक्सेल’ या टोपणनावाने हा खेळ डिसेंबर २००४ मध्ये विनामूल्य खुला केला. सुमारे पाच वर्षे, फावल्या वेळात, एकट्याने त्याने तो घडवला. आज्ञावली त्याची, चित्रे त्याची, संवाद त्याचे आणि संगीतही त्याचेच. मूळ नाव ‘दोउकुत्सु मोनोगातारी’. यातला ‘मोनोगातारी’ हा शब्द ‘गेंजी मोनोगातारी’मुळे आपल्यापैकी अनेकांना परिचित असेल; ‘गुहेची गोष्ट’ असे साधे भाषांतर होईल. हौशी अनुवादकांच्या एका गटाने त्याला इंग्रजी रूप दिले आणि मग तो जगभर गेला. पुढे २०१० मध्ये निन्टेन्डोच्या वी या यंत्रावर आणि २०११ मध्ये ‘केव्ह स्टोरी प्लस’ या नावाने संगणकावर त्याच्या विकत मिळणाऱ्या आवृत्त्या आल्या. आम्ही बोलतो आहोत ते मूळ, फुकट आवृत्तीविषयी. पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावणारा आणि कसल्याही जुन्या संगणकावर चालणारा हा खेळ आहे. पावसाळ्यात कशेळ्याची वीज गेली, तरी लॅपटॉपच्या उरल्यासुरल्या बॅटरीवर तासभर निभावतो.

ज्या प्रकारात तो मोडतो त्याला इंग्रजीत ‘मेट्रॉइडव्हेनिया’ असे काहीसे अवघडलेले नाव आहे. ‘मेट्रॉइड’ (१९८६) आणि ‘कॅसलव्हेनिया’ मालिकेतला ‘सिम्फनी ऑफ द नाइट’ (१९९७) यांच्या नावांचा तो सांधा. उड्या मारत, शत्रूंना टाळत वा मारत पुढे जायचे हे त्यात आहेच; परंतु ‘पुढे’ म्हणजे कोणीकडे, हे आधी ठरलेले नसते. एक सलग प्रदेश असतो. त्यातल्या काही वाटा आरंभी बंद असतात; उडी पोचत नाही, दार उघडत नाही. नंतर कोठेतरी एखादे साधन वा सामर्थ्य हाती लागते आणि मग जुन्या, पाठ झालेल्या जागी परत जावे लागते. तीच जागा आता वेगळी दिसते. या प्रकाराचा प्राण या परत जाण्यात आहे.

हे परत जाणे आमच्या पिढीला खेळातून शिकायला मिळाले नाही. १९९०च्या दशकात कशेळ्यासारख्या गावात ‘टीव्ही गेम’ आला तो मूळ जपानी यंत्राच्या स्वस्त नकलांमधून. त्यात खोचायच्या तुकड्याला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. एका कॅसेटीवर हजारो गेम असल्याचा दावा छापलेला असे. प्रत्यक्षात वीसपंचवीसच, नावे बदलून पुन्हापुन्हा. त्यांत ‘मारिओ’ असे, ‘कॉन्ट्रा’ असे, आणि दोन्हींत डावीकडून उजवीकडे धावायचे असे. ‘मारिओ’त तर पडद्याची डावी कड आपल्या मागोमाग सरकत येते आणि परतीची वाट बुजवून टाकते. शिवाय आमच्या पाहण्यातल्या कॅसेटींत खेळ जतन करण्याची सोय नव्हती. बटण बंद केले, किंवा घरात कोणी बातम्या लावल्या, की सगळे पुसले जाई. जे खेळ आठवडाभर पुरवून खेळायचे, ते आमच्यापर्यंत आलेच नाहीत. तेव्हा ‘रेट्रो’ या शब्दामागे पाश्चात्त्य वा जपानी खेळाडूचे जे स्मरणरंजन असते ते आमच्यापाशी नाही. ज्या जुन्याची ‘केव्ह स्टोरी’ आठवण काढतो, ते जुने आमच्या वाट्याला आलेच नव्हते. म्हणून हा खेळ आम्हांला आवडला तो आठवणींच्या पुण्याईवर नव्हे, एवढे तरी खात्रीने म्हणता येईल.

मग त्याच्या जुनाट रूपाचे करायचे काय? ३२० बाय २४० ठिपक्यांचा पडदा, त्यात बोटाच्या पेरापेक्षा लहान नायक, मोजके रंग. २००४ मध्ये याहून कितीतरी अधिक शक्य होते. आजच्या कवीने मुक्तछंद उपलब्ध असताना ओवी निवडावी, तशी ही निवड आहे असे आम्हांला वाटते. ओवी निवडली की ती काही गोष्टी नाकारते आणि त्या नाकारण्यातून काही गोष्टी ठसठशीत करते. येथे चेहऱ्यावरचे भाव नायकाला नाहीतच. तो बोलतही नाही. त्याचे नावसुद्धा बराच काळ आपल्याला कळत नाही. त्यामुळे भावना येतात त्या हालचालींतून आणि अंतरांतून. कोण कोणापासून किती दूर उभा आहे, कोण पाठ फिरवतो, कोण दोन पावले पुढे येऊन थांबतो, एवढ्यावर दृश्य उभे राहते. रंगमंचाच्या जाणकारांना हे सांगायला नको. संगीताचेही तसेच. अमायाने स्वतःच्या साधनावर, अगदी थोड्या नादांत ते रचले. धून छोटी असते आणि पुन्हापुन्हा येते. परंतु प्रत्येक प्रदेशाची धून वेगळी असल्याने काही दिवसांनी डोळे मिटूनही आपण कोठे आहोत हे कळते.

कथा थोडक्यात अशी. आकाशात तरंगणाऱ्या एका बेटाच्या पोटातल्या गुहेत एक यंत्रमानव जागा होतो. त्याला काही आठवत नाही. जी. ए. कुलकर्णींच्या ‘प्रवासी’सारख्या कथा वाचलेल्याला अशा अनाम वाटसरूची सवय असते, आणि त्याच्या वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक माणसाकडे जरा संशयाने पाहण्याचीही. गुहेत सशासारखे दिसणारे ‘मिमिगा’ लोक एका लहानशा वस्तीत राहतात. ‘डॉक्टर’ नावाच्या माणसाने एक शापित मुकुट मिळवला आहे. लाल फुले खायला घालून या निरुपद्रवी लोकांना पिसाळलेल्या सैनिकांत बदलायचे, असा त्याचा बेत आहे. पूर्वी भूपृष्ठावरून आलेल्या यंत्रमानवांनी या बेटावर कत्तल केली होती. त्यामुळे वस्तीतले लोक नायकाकडे भीतीने पाहतात, आणि नायकाला काहीच आठवत नसल्याने ती भीती खोटी आहे असे आपल्यालाही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

टोरोको ही मिमिगांमधली लहानगी. आरंभीच तिला चुकून, दुसरीच कोणी समजून, पळवून नेले जाते. पुष्कळ वेळाने वाळवंटी भागातल्या एका कोठारात ती भेटते. डॉक्टर तिच्या पुढ्यात लाल फुले टाकतो. ती बदलते, आणि आपल्या हातात बंदूक असते. सगळ्या खेळांत ‘शत्रू’ म्हणून जो समोर येतो त्याच्यावर आपण गोळ्या झाडतो तशा येथेही झाडाव्या लागतात. दुसरा मार्ग खेळ ठेवतच नाही. लढाई संपल्यावर जे लहान शरीर जमिनीवर उरते ते टोरोकोचे असते. तिचा सोबती किंग शेजारीच मरायला टेकलेला असतो आणि जाताजाता आपली तलवार आपल्याला देतो. पुढे ती तलवार वापरताना त्या कोठाराची आठवण होत नाही असे होत नाही. शोकाची वस्तू हत्यार म्हणून हाती देणे ही गोष्ट कादंबरीत सांगता येते. परंतु ती वापरायला लावणे कादंबरीला शक्य नाही. खेळ या माध्यमाची जी काही स्वतंत्र ताकद आहे ती येथे दिसते.

हत्यारांची व्यवस्थाही अशीच विचाराने केलेली आहे. शत्रू पडला की पिवळे त्रिकोणी स्फटिक उडतात. ते गोळा केले की बंदूक बळावते. पण आपल्याला मार बसला की केवळ आयुष्य कमी होत नाही, बंदूकही दुबळी होते. जो आधीच अडचणीत आहे त्याचे हत्यार बोथट होते. कर्ली नावाची दुसरी यंत्रमानव भेटते. ती आपली मशीनगन देऊ करते, मात्र बदल्यात आपली पहिली बंदूक मागते. मशीनगन पूर्ण बळावली की खाली गोळ्या झाडत हवेत तरंगता येते, आणि सारा प्रदेश एकदम मोकळा वाटू लागतो. नकार दिला तर काय मिळते, हे तेव्हा कळत नाही. त्याकडे पुढे येतो.

महानुभावांची ‘स्थानपोथी’ शिकवताना आम्हांला दरवेळी एक अडचण येते. विद्यार्थी विचारतात, यात गोष्ट कोठे आहे? नुसती स्थाने आहेत. कोणते देऊळ कोणत्या दिशेला, ओटा कोठे, वृक्ष कोठे. त्यांना सांगावे लागते की गोष्टी ‘लीळाचरित्रा’त आहेत, आणि त्या जेथे घडल्या त्या भूमीचा हा ठेवा आहे. जो श्रद्धाळू त्या ओट्यापाशी जाऊन उभा राहील त्याच्यासाठी गोष्ट पुन्हा उभी राहते. कथन काळाच्या धाग्यात ओवता येते तसे स्थळांतही मांडून ठेवता येते. ‘केव्ह स्टोरी’चे उत्तम भाग या दुसऱ्या जातीचे आहेत. आरंभी आपण ‘एग कॉरिडॉर’ नावाच्या लांबलचक दालनातून जातो. अंडी रांगेने मांडलेली, सगळे झगझगीत. पुष्कळ पुढे, बेट हादरून गेल्यावर, त्याच दालनात परत येतो. छत कोसळलेले, अंडी फुटलेली. पडद्यावर नाव उमटते तेच, पण त्यापुढे आता प्रश्नचिन्ह असते. एका विरामचिन्हाने इतके काम केलेले आम्ही मराठी कवितेतही फार पाहिलेले नाही.

मिमिगांच्या वस्तीत परतल्यावर याहून कठीण अनुभव येतो. ती रिकामी असते. लोकांना डॉक्टरने मळ्यावर नेले आहे; जी फुले त्यांना पिसाळवणार तीच पिकवण्याच्या कामाला त्यांना जुंपले आहे. घरे तशीच आहेत, दारे उघडतात, आत कोणी नाही. पूर्वी ज्या जागी उभे राहून एखादा म्हातारा काहीबाही बोलायचा ती जागा आपल्याला आठवते आणि आपण उगाचच तेथे जाऊन उभे राहतो. हे दृश्य आम्ही कर्जत तालुक्यात पाहिलेले आहे. दिवाळी होते, भातकापणी उरकते आणि कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात. मुलेही बरोबर जातात. डिसेंबरात वाडीवर गेले तर बऱ्याच दारांना कड्या असतात, ओट्यावर एखादी म्हातारी, दोन कोंबड्या. पटावरची नावे शाळेत, मुले भट्टीवर. अमायाच्या मनात रायगड जिल्हा असण्याचा प्रश्नच नाही. पण उचल घेऊन कामाला जाणारी माणसे आणि मागे राहिलेली त्यांची घरे जेथे जेथे आहेत, तेथे त्या रिकाम्या वस्तीचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागणार नाही.

आता कोथळीगडाविषयी थोडे, कारण तो या लेखात यायचाच होता. कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कशेळ्याहून आत वळले की आंबिवलीमार्गे पेठला जाता येते, आणि पेठेच्या माथ्यावर हा किल्ला. ‘पेठचा किल्ला’ या नावानेही तो ओळखला जातो. सुळक्याच्या पायथ्याशी कोरीव खांबांची मोठी गुहा आहे. तिच्या शेजारून वर जाणाऱ्या पायऱ्या सुळक्याच्या बाहेरून नाहीत. त्या खडकाच्या पोटात कोरलेल्या आहेत. पायऱ्या उंच, उजेड तुटक, हात दोन्ही बाजूंच्या ओल्या दगडावर. आणि मग एकदम माथा, वारा, टाके, चहूबाजूंनी सह्याद्री. ‘केव्ह स्टोरी’त बराच काळ गुहेतच गेल्यावर ‘आउटर वॉल’ नावाचा टप्पा येतो. आपण बेटाच्या बाहेरच्या कड्यावर येतो. पहिल्यांदा आकाश दिसते, ढग सरकताना दिसतात, चंद्र दिसतो. तोवर ‘बेट आकाशात आहे’ हे आपण केवळ ऐकलेले असते. ज्याने पेठच्या सुळक्यातून डोके बाहेर काढले आहे त्याला या क्षणाची किंमत लगेच कळते. उजेडाला जे मोल येते ते आधीच्या अंधाराच्या लांबीमुळे, आणि ती लांबी या निर्मात्याने अचूक मोजली आहे.

समीक्षेत आपण ‘घाट’ हा शब्द रचनेसाठी वापरतो. खांडसहून भीमाशंकरला चढायचे दोन घाट आहेत: गणेश घाट लांबचा पण सोपा, शिडी घाट जवळचा पण कड्यावरच्या लोखंडी शिड्यांचा. पावसात शिडी घाटाने जाऊ नका, असे खांडसचे लोक सांगतात. कोणता घाट कोणासाठी, हे आधी कळते. निवड आपली राहते. ‘केव्ह स्टोरी’वरील आमचा आक्षेप नेमका येथून सुरू होतो.

त्याआधी किरकोळ दोष आटोपून घेऊ. पहिला असा की ‘मेट्रॉइडव्हेनिया’ म्हणून मिरवत असला, तरी हा खेळ बराचसा एकमार्गी आहे. कथा आपल्याला एका दालनातून दुसऱ्यात नेते आणि मागचे दार बहुतेक वेळा लावून घेते. वर सांगितलेली परतीची दृश्ये उत्तम आहेत, पण ती लेखकाने घडवून आणलेली आहेत; खेळाडूने शोधून काढलेली नव्हेत. दुसरा, मोठ्या लढायांच्या आधीचे संवाद. हरलो की ते पुन्हा. घाईने पुढे ढकलता येतात, टाळता येत नाहीत. टोरोकोच्या प्रसंगाला यामुळे विशेष इजा होते. पाचव्यांदा तेच बोलणे ऐकताना करुण रसाची जागा चिडचिड घेते, आणि दोष खेळाडूच्या मंद बोटांचा म्हणून सोडून देता येत नाही. तिसरा, डॉक्टर. त्याला सत्ता हवी आहे आणि तो हसतो, यापलीकडे त्याच्यात काही नाही. मुकुटाशी शापाने बांधली गेलेली मिझरी ही त्याची सेविका त्याच्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे, परंतु तिला ओळी मिळतात मोजक्याच. भिंत फोडून अवचित येणारा बॅलरॉग मात्र आम्हांला मनापासून आवडतो. खलपक्षातल्या विदूषकाची जुनी भूमिका त्याने उत्तम निभावली आहे.

आता मुख्य गोष्ट. चक्रव्यूहासारख्या एका भागात प्रोफेसर बूस्टर हा सज्जन शास्त्रज्ञ वरून पडून जखमी होऊन पडलेला असतो. त्याच्याजवळ जाऊन बोलले, तर तो आपण बनवलेले उडण्याचे यंत्र आपल्याला देतो आणि मरतो. कोणताही शहाणा, सहृदय, किंवा नुसता जिज्ञासू खेळाडू हेच करील. पडलेल्या माणसाजवळ जाणे हे खेळ आरंभापासून शिकवत आला आहे. परंतु जर आपण त्याच्याशी न बोलता, तो पडला आहे ती दरी एका अवघड उडीने ओलांडून पुढे गेलो, तर बूस्टर वाचतो. नंतर तो वस्तीतल्या घरात भेटतो आणि अधिक चांगले यंत्र देतो. त्या यंत्रावाचून खेळाचा अखेरचा गुप्त भाग उघडत नाही, आणि त्या भागावाचून खरा, पूर्ण शेवट मिळत नाही. सगळ्या शापाचे मूळ असलेला बॅलॉस हा जादूगार भेटतो तोही केवळ तेथेच. कर्लीला वाचवण्यालाही अशाच आडवळणाच्या अटी आहेत. एका खोलीत पडलेला दोर आधीच उचललेला नसेल तर पुढे तिला सोडून जावे लागते. जिने बुडताना आपली हवेची टाकी आपल्याला दिली, तिला.

गुप्त वाटांना आमचा विरोध नाही. याच खेळात एक फार सुंदर गुप्त वाट आहे. खेळाच्या पहिल्या काही मिनिटांत आपण एका झोपलेल्या बंदूक-कारागिराच्या घरात शिरतो आणि त्याची बंदूक पेटीतून उचलतो. चोरीच ती. सगळे खेळ अशा पेट्या उघडायला शिकवतात, त्यामुळे कोणाला काही वाटत नाही. ही बंदूक कर्लीच्या मशीनगनशी न बदलता जपून ठेवली आणि बऱ्याच पुढच्या टप्प्यावर त्या पहिल्या गुहेत परत गेलो, तर तो कारागीर आता जागा असतो. तो आपली बंदूक ओळखतो, तिचे अपुरे राहिलेले काम पूर्ण करतो आणि ती परत देतो. खेळातले एक सर्वांत प्रभावी हत्यार हे. येथेही खेळ आधी काही सांगत नाही. पण ज्याला आपण घेतलेल्या वस्तूची टोचणी आहे, किंवा ज्याला पहिल्या घराची आठवण आहे, तो आपण होऊन तेथे जाण्याची शक्यता आहे. ज्या वृत्तीने माणूस तेथे पोचतो, त्या वृत्तीलाच तेथे फळ मिळते. बूस्टरच्या बाबतीत नेमके उलटे घडते. तेथे जी वृत्ती माणसाला त्याच्याजवळ नेते तीच त्याचा जीव घेते, आणि का, हे कथेत कोठेही येत नाही. बोलल्याने तो का मरावा? न बोलता गेल्याने का वाचावा? कथेच्या तर्काला उत्तर नाही. मोक्षपटावर साप कोठे आहेत हे निदान दिसते, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी त्या त्या दुर्गुणाचे नाव लिहिलेले असते. येथे साप करुणेच्या घरात बसवला आहे आणि पट कोरा ठेवला आहे.

बचाव करणारे म्हणतात की जगही असेच आहे. चांगल्या कृत्याचे वाईट फळ मिळते. मिळते, हे मान्य. टोरोकोला मारावे लागणे हे तसेच आहे, आणि त्याला आम्ही दाद दिली. शोकांतिकेत नायकाला दुसरी वाट नसते, म्हणून ती सोसता येते. येथे दुसरी वाट आहे. ती दडवून ठेवली आहे आणि न सापडल्याची शिक्षाही आहे. याच खेळात फुटक्या अंड्यांच्या दालनात एकजण उडत्या ड्रॅगनवर बसून पळून जाऊ या का, असे आपल्याला सरळ विचारतो. हो म्हटले तर खेळ तेथेच, एका लाजिरवाण्या शेवटाने संपतो. ती निवड चोख आहे. प्रश्न समोर आहे, उत्तर आपले आहे, शरमही आपली आहे. ज्याला असा प्रश्न रचता येतो त्याने बूस्टरच्या जागी गुपित का रचावे, हे आम्हांला उमगलेले नाही.

याचा व्यवहारातला परिणाम काय होतो? तर खेळाडू गाईडकडे जातो. पूर्ण शेवट हवा असेल तर खेळण्याआधीच कोणीतरी लिहून ठेवलेली यादी वाचायची: येथे बोलू नये, तेथे दोर उचलावा, अमुक बंदूक देऊ नये. आमच्या धंद्यात गाईड हा शब्द निराळ्याच कारणाने रोज कानी पडतो. बी.ए.च्या वर्गात कादंबरी नेमलेली असते आणि निम्म्या बाकांवर तिचे गाईड असते. कथानक, स्वभावचित्रे, संभाव्य प्रश्न. मूळ पुस्तक ग्रंथालयात तसेच कोरे. मुलांना दोष देणे सोपे आहे. पण प्रश्नपत्रिका जर असे काही विचारत असेल जे वाचून कळत नाही, केवळ आधी माहीत असावे लागते, तर गाईड घेणारा मुलगा आळशी नसून व्यवहारी असतो. परीक्षा त्याला तसा घडवते. ज्या कलाकृतीचा सर्वोत्तम भाग वाचनाने उघडत नाही, तीही आपल्या वाचकाला तसाच घडवते. बंदूक-कारागिराच्या घरी परत जाणारा खेळाडू आणि यादी पाहून बूस्टरवरून उडी मारणारा खेळाडू, हे दोघे एकाच खेळाने तयार केले आहेत, हीच आमची हळहळ आहे.

पेठेला किंवा पदरगडाला जाताना आपण गावातला वाटाड्या घेतो. तोही आधीच वाट जाणतो. पण तो बरोबर चालतो. कोठे पाय घसरेल ते सांगतो, वर काय दिसेल ते सांगत नाही. शिकवणाऱ्याने यातले कोण व्हायचे, हा प्रश्न स्टाफरूममध्ये आमच्या दोघांत अधूनमधून निघतो आणि तास झाला की तसाच राहतो.

एका वर्षी कथनमीमांसेच्या घटकासाठी आम्ही हा खेळ वर्गातल्या काहीजणांना दिला. संवाद इंग्रजी असल्याने प्रथम कुरकुर झाली. मग दोघेदोघे मिळून खेळू लागले, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने खेळायचे. खांडसच्या बाजूने एस.टी.ने येणारी एक विद्यार्थिनी सगळ्यांच्या पुढे होती. ती बूस्टरशी बोलली होती, अर्थातच. दोन दिवसांनी मोबाइलवर यादी वाचून आलेल्या मुलांनी तिला सांगितले की तेथेच चुकलीस, आता पूर्ण शेवट मिळणार नाही, पहिल्यापासून सुरू कर. ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, तो पडला होता ना? न विचारता कसं जाणार?” आम्ही तिला सांगितले की मधला एक शेवट आहे, तो तुला मिळेल. तिने तो गाठला, आणि निबंध लिहिला तो बूस्टरवर नव्हे, रिकाम्या वस्तीवर. त्यात एक वाक्य होते की मिमिगांच्या घरांत शिरताना तिने प्रत्येक दार दोनदा तपासले, कारण मागे राहिलेले कोणीतरी नेहमी असते.